हसले नाहीत, म्हणजे दात किडलेले होते?

जुन्या अमेरिकी फोटोंबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलंय: माणसं हसत नाहीत, कारण अर्धा अर्धा तास पुतळ्यासारखं बसावं लागे. शिवाय दात किडलेले. मागे लोखंडी स्टँड दिसला तर समजा, फोटोतला माणूस मेलेला आहे. आणि फोटो काढणारे नुसते यंत्र चालवणारे, त्यात कला कसली!

आधी अर्ध्या तासाचं बघू. 1839 मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने घरच्या दिव्यांच्या दुकानामागे स्वतःचा फोटो काढला, तेव्हा त्याला काही मिनिटं स्थिर राहावं लागलं, हे खरं. पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्रेपरने बहीण डोरोथीचा फोटो 65 सेकंदांत घेतला. त्याच सुमारास जास्त उजेड आत घेणारी पेट्झवालची लेन्स आली. तेव्हा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटे; त्या पत्र्याला आयोडिनसोबत ब्रोमिनची वाफही देऊ लागले. दशक संपायच्या आत चांगल्या उजेडात काही सेकंदांत काम भागू लागलं. तेवढा वेळ हसू ओढून धरणं अवघडच, हे मान्य. पण वेळ आणखी कमी झाल्यावरही चेहरे गंभीरच राहिले, कारण नमुना तैलचित्रांचा होता आणि प्रतिष्ठित माणूस चित्रात दात काढत नसे.

दातांचं कारण तर तर्कालाच टिकत नाही. सगळ्यांचेच किडलेले असतील तर लपवायचे कोणापासून? आणि ओठ मिटूनही हसता येतं.

इथे फ्रेडरिक डग्लसला विसरून चालणार नाही. गुलामगिरीतून पळून आलेला हा वक्ता एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेला अमेरिकन मानला जातो. त्याचे सुमारे 160 वेगवेगळे फोटो माहीत आहेत. जवळजवळ सगळ्यांत तो करारी. गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा विकृत केल्याशिवाय काढूच शकत नाहीत, अशी तक्रार त्याने 1849 मध्ये आपल्या वृत्तपत्रात केली होती. हसतमुख, समाधानी गुलामाची प्रतिमा त्याला मोडायची होती. त्याचं न हसणं हा त्याचा निर्णय होता.

स्टँडचं म्हणणं उलटं आहे. त्याचा चिमटा डोक्यामागे टेकवायचा, मान हलू नये म्हणून. उभ्या प्रेताचं वजन त्याला पेलणारच नाही. मृतांचे फोटो निघत, विशेषतः लहान मुलांचे, पण अंथरुणावर किंवा आईच्या मांडीवर. मेलेला माणूस हलत नाही, त्याला स्टँड कशाला? तेव्हा स्टँडचे पाय दिसले तर माणूस जिवंत होता असंच समजावं.

राहिली कला. 1850 च्या दशकात 25 सेंटांत फोटो देणारी दुकानं होती, तिथे गिऱ्हाईक बसवायचं आणि उठवायचं एवढंच चाले. त्यांच्यापुरता मजकूर बरोबर आहे. पण बोस्टनमध्ये साउथवर्थ आणि हॉज ही फोटो काढणाऱ्यांची जोडी होती. साधारण साडेसहा बाय साडेआठ इंचांचा मोठा पत्रा, छतातल्या काचेतून येणारा उजेड, आणि माणूस बघून ठरवलेली बैठक. लोला माँटेझ ही नर्तकी त्यांच्या फोटोत बोटांत सिगारेट धरून बसली आहे, त्या काळच्या बाईने! मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांच्यावर तर त्यांनी कडक ऊन थेट वरून पडू दिलं. एरवी चेहरा खुलावा म्हणून उजेड मऊ करत. इथे भुवयांखाली काळोख साचला आहे आणि गालांची प्रत्येक वळी उठून आली आहे. शॉ देखणे नव्हते, आणि फोटोने ते लपवलेलं नाही. न्यायासनावरचा दरारा मात्र त्या सावल्यांत पुरेपूर उतरलाय.

1851 मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनात ब्रॅडी, लॉरेन्स आणि व्हिपल या तिघा अमेरिकनांच्या डॅगेरोटाइपना, म्हणजे अशाच चांदीच्या पत्र्यावरच्या फोटोंना, पदकं मिळाली. यंत्र तर फ्रेंचांकडेही तेच होतं.