पै किमतीच्या नाण्यात बाई विकत मिळत नाही

लेखात म्हटलंय की तालमूदच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाच्या, कायद्यात नवरा पैसे देऊन बायको 'विकत' घेत असे. हे मला अजिबात पटलं नाही. तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये वाग्बंधनाचे तीन मार्ग सांगितलेत: पैसा, लेखी दस्त आणि शरीरसंबंध. त्यात पैशाबद्दल शम्माई या धर्मगुरूचे अनुयायी एक दिनार (चांदीचं नाणं) म्हणतात, तर हिल्लेल या दुसऱ्या धर्मगुरूचे अनुयायी एक पेरुता, म्हणजे तांब्याचं सगळ्यात हलकं नाणं. मान्य झालं ते पेरुताच. एवढ्यात कसली खरेदी? शिवाय वधू सज्ञान असेल तर ते नाणं तिच्याच हातात पडतं आणि तिची संमती नसेल तर काहीच घडत नाही. आज अंगठी देतात ती बिनखड्याची, किमतीबद्दल तिची फसगत होऊ नये म्हणून.

मात्र एवढं झालं की ती कायद्याने विवाहित. संसार सुरू व्हायला वेळ असे, कुमारिकेला तयारीसाठी बारा महिने मिळत, पण त्या काळातही संबंध तोडायचा तर घटस्फोटाचा लेखी दस्त, म्हणजे 'गेट', लागायचाच. आणि तो द्यायचा नवऱ्याने! खरा अन्याय इथे आहे, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही. नवरा बेपत्ता झाला किंवा अडून बसला तर बाई अडकलीच. अशा स्त्रिया आजही आहेत.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली या यहुदी समाजालाही याची झळ बसली. घटस्फोट सदोष असेल तर त्या बाईच्या पुढच्या लग्नातली मुलं इतर यहुद्यांशी लग्नाला अपात्र ठरतात. पूर्वीचे घटस्फोट शास्त्रोक्त होते का, या शंकेवरून १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नांना अडवणूक झाली. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४मध्ये सरकारला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं.