वादळाआधी घराघराची यादी करा

चक्रीवादळ येतंय असा मेसेज मोबाईलवर आला की काम झालं असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, आणि मला भीती वाटते ती याचीच. 2005 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना आलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या लोकांना काय माहीत नव्हतं? आदल्या दिवशीच मेयरनी शहर खाली करायचा हुकूम काढलेला. गाडीवाले निघून गेले, ज्यांच्याकडे गाडी नाही, चालवत नाही, सोबत कोणी नाही ते राहिले, आणि मग पूर अडवायला घातलेले बांधच फुटले नि 80 टक्के शहर पाण्याखाली. लुइझियानात, म्हणजे त्या शहराच्या राज्यात, जे दगावले त्यातले जवळजवळ निम्मे 75 च्या पुढचे होते. पोटात कालवतं हे वाचून.

पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, लोकांना हलवायच्या प्लॅनमध्ये पाळीव जनावरं पण धरायची, कारण कितीतरी जण कुत्र्या-मांजरांना टाकून निघालेच नव्हते. कोणाला हे लाड वाटतील. पण 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा गोव्यात आमच्या वाड्यावर माड वायरींवर आडवा पडलेला, लाईट नाही, रेंज नाही, आणि शेजारच्या आजी वॉकर धरून दारातच उभ्या, "माझी मांजरां कोण बघतलो?" मुलगा लंडनला, त्याचा फोन लागत नव्हता. शेवटी मांजरं टोपलीत घालून आणली तेव्हा आजी आल्या.

आपल्या देशात हे जमतं हो! ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार माणसं गेली, त्यानंतर त्यांनी वेगळं प्राधिकरण काढलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावातलीच पोरं तयार केली, आणि 2013 ला फायलिन आलं तेव्हा जवळपास 10 लाख लोक आधीच हलवले होते. मृत्यू 50 च्या आत.

गोव्यात कितीतरी घरांतली पोरं गल्फ नाहीतर इंग्लंडला, घरात म्हातारी दोघंच. जेटीवर ट्रॉलरचे खलाशी बरेचसे ओडिशा-झारखंडचे, त्यांना कोकणी-मराठीतली सूचना किती कळणार? कोण चालू शकत नाही, कोणाला ऑक्सिजन लागतो, कोणाकडे जनावरं आहेत, कोणाला कोण उचलून नेणार, हे वॉर्डावॉर्डात नावानिशी लिहून पंचाकडे आणि आशाताईंकडे कागदावर पाहिजे, कारण लाईट गेल्यावर कॉम्प्युटर काय कामाचा. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, वाड्यावरच्यांनी कृपा करून या, आणि येताना आपापल्या शेजारच्या म्हाताऱ्यांची नावं लिहून आणा.