‘जुनी गाडी गळायचीच’ म्हणे!

गणपती जवळ आले की आमच्या देवगडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: दहा वर्षांवरची गाडी ऑइल गाळणारच, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. २०डब्ल्यू-५० चं घट्ट ऑइल टाका, गळती थांबवणारी बाटली ओता आणि तरी थेंब पडलाच तर वरून भरत राहा. ऑइल आपोआप नवं होतं, बदलायचा खर्च वाचतो. शेवटी ‘गॅरेजवाले लुटतात’ हे आलंच.

हे सगळं मी माझ्या मारुती ८०० वर करून बसलोय, चांगलं सव्वा वर्ष. म्हणून लिहितो.

घट्ट ऑइलचं म्हणणं पुरतं खोटं नाही, म्हणून तर ते खपतं. पुढचा २० हा आकडा थंडीतला. आपल्याकडे ऑइल गोठण्याइतकी थंडी कधी पडली? तो सोडा. मागचा ५० म्हणजे शंभर अंशाला तापलेलं ऑइल किती दाट राहतं, त्याची श्रेणी. ५० मध्ये हा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजायचं एकक) मधला, ३० मध्ये ९.३ ते १२.५ चा. फरक आहेच. पण तेच ३० चं पातळ ऑइल, १०डब्ल्यू-३०, चाळीस अंशाला, म्हणजे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत, साठ-सत्तरच्या घरात असतं. करूळ घाट चढून आलेल्या गाडीतलं तुमचं ‘घट्ट’ ऑइल त्यापेक्षा तिपटीने पातळ झालेलं असतं. ज्या फटीतून उभ्या गाडीचं ऑइल पाझरतं, ती फट याला कशाला अडवेल?

बाटलीतलं औषध कडक झालेलं रबरी सील थोडं फुगवतं, मऊ करतं. सील आकसलं असेल तर उपयोग होतो, कधीकधी. मोडलेलं पॅकिंग, ड्रेन नटचं चेपलेलं वॉशर किंवा गंजून भोक पडलेला चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), यांच्यापुढे ती बाटली म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि चेंबर गंजणं ही आपल्या किनाऱ्याची खास देणगी: खारा वारा, चार महिने ओल, त्यात जांभ्याच्या रस्त्यावर खाली दगड लागून रंग उडालेला.

‘भरत राहा’ हा सल्ला मात्र मला चीड आणतो. जुना गाळ आत तसाच, फिल्टर जुनाच, त्यात लिटरभर ताजं ओतलं म्हणून ऑइल नवं कसं होणार? शिवाय गळलेलं ऑइल सगळं अंगणात पडत नाही. पुढच्या सीलमधून टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्ट कुजतो. मागच्या सीलमधून क्लच प्लेटवर गेलं तर चढावर गाडी नुसती बोंबलते, पुढे सरकत नाही. सायलेन्सरच्या तापलेल्या तोंडावर ठिबकलं तर धूर, नशीब खोटं असेल तर आग.

माझ्या गाडीत थेंब चेंबरखाली दिसायचा, म्हणून एका गॅरेजात चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं. पंधरा दिवसांत पुन्हा डाग. मग गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने डिझेल आणि ब्रशने इंजिन धुतलं, कोरडं केलं, वर टाल्कम पावडर भुरभुरली आणि मला बाजारात एक फेरी मारून यायला सांगितलं. परत आलो तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कडेखालून पांढऱ्या पावडरीतून काळी रेघ थेट खाली उतरलेली.

“गळता वयरसून, आणि तुमी बघतास खालती,” तो म्हणाला.

काढलेलं पॅकिंग बोटाने वाकवलं तर पापडासारखं मोडलं. पण तो तिथे थांबला नाही. ब्रीदरचा पाइप काढून दाखवला, आत काळ्या लोण्यासारखा गाळ. इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो पॅकिंगमधून वाट काढतो. पाइप साफ केला नसता तर नवं पॅकिंगही गेलं असतं. सिलिकॉन भरपूर फासायची माझी सूचना त्याने उडवून लावली. आत दबलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर इंजिनच जातं.

राहिलं लुटण्याचं. पॅकिंग आणि मजुरी मिळून जे झालं, त्याहून जास्त पैसे मी सव्वा वर्षात वरून ओतले होते.

एक मात्र त्या मेसेजवाल्याला देतो. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील पाझरत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी जबर. तिथे क्लच घसरत नसेल आणि आठवड्याला चार थेंबच असतील, तर क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत थांबावं, हवी तर एक बाटलीही ओतून बघावी. दर रविवारी ऑइल मोजायची काडी मात्र बाहेर काढून बघायची, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना.