फुंका आणि घरी जा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीनं गेटवर श्वास तपासायचं यंत्र बसवलंय. दारूचा अंश सापडला की त्या दिवसाचा पगार गेला, दुसऱ्यांदा सापडला की कायमचं घरी. माझा चुलतभाऊ तिथं सुपरवायझर आहे. फोनवर छाती फुगवून म्हणाला, "दादा, तुमच्या जर्मनीसारखी शिस्त आली बघ. सुधारूलालेत की लोकं!"

जर्मनीचं नाव घेऊन हे चाललंय, याचा मला संताप येतो. मी स्टुटगार्टजवळ ओतकामाच्याच कारखान्यात आहे. इथं बेट्रिब्सराटशी, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या समितीशी, करार झाल्याशिवाय गेटवर असलं यंत्र बसवता येत नाही आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याला फुंकायला लावता येत नाही. म्हणून ढिलाई आहे असं नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल अशा अवस्थेत कामाला उभं राहायचं नाही, हा नियम दारूला आहे, गोळ्यांना आहे, आणि 1 एप्रिल 2024 ला कायदेशीर झालेल्या गांजालाही आहे. माइस्टरला, म्हणजे फोरमनला, शंका आली तर तो साक्षीदार बोलावतो, माणसाला भट्टीपासून बाजूला घेतो आणि घरी सुखरूप पोचवायची सोय करतो. मग टप्प्याटप्प्यानं बोलणी. व्यसन हा आजार आहे, हे इथल्या न्यायालयानं 1968 सालीच मान्य केलंय. रेहाला, म्हणजे व्यसनमुक्तीच्या उपचाराला, गेलेल्याचा पगार सहा आठवड्यांपर्यंत चालू राहतो. उपचारच नाकारले तर मात्र नोकरी जाऊ शकते, आणि ते मला पटतं.

माझे मधले काका बेळगावातच एका कारखान्यात प्रेसच्या यंत्रावर होते. सलग दोन पाळ्या करून तिसरीला उभे राहिले आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालक दवाखान्यात आला, वाकून तोंडाचा वास घेतला आणि "हा प्यायलाय" म्हणून निघून गेला. प्रेसला हात वाचवणारा गार्ड बसवलेला नव्हता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल आणि कामगार नशेत असल्यामुळं इजा झाली असेल, तर भरपाई टाळता येते, ही पळवाट 1923 च्या कायद्यापासून चालत आलीय. तीन बोटं म्हणजे पूर्ण अपंगत्व नव्हे. त्यामुळं गेटवरचं यंत्र कुणाच्या कामाला येणार, हे मला कुणी समजावून सांगू नये.

आणि काका पीत होते, मी नाकारत नाही. 1400 अंशांचं लोखंड ओतून किंवा सलग पाळ्या करून आलेल्या अंगाला रात्री झोप लागत नाही. कर्नाटकानं 2007 साली सारायी, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद केली, तिची जागा नव्वद मिलीच्या दारूच्या पाकिटानं घेतली. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याचा माल येतो तो वेगळाच. उपचाराला धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयात जायचं म्हटलं तर दिवस मोडतो, आणि ठेकेदाराच्या माणसाला रजा कोण देतो?

भाऊ म्हणाला, "तिथं बसून सांगायला सोपं आहे. हेल्पर पिऊन आला तर वितळलेल्या लोखंडाच्या लेडलखाली मी उभा असतो." तो खरंच उभा असतो. मला हे लागलं.

इथं कुणी भारतातल्या कारखान्यांना नावं ठेवली की मी उद्यमबागेच्या बाजूनं भांडतो, आमच्या पोरांसारखं मोल्डिंग तुम्हाला जन्मात जमणार नाही म्हणतो. घरच्यांशी बोलताना मात्र जर्मनीचे दाखले देतो. दोन्हीकडं ऐकणाऱ्याला मी पलीकडचाच वाटतो. पण भट्टीचा वास अजून माझ्या नाकात आहे, काकांचा हात मी पाहिलाय, त्यामुळं बोलण्याचा हक्क मी सोडणार नाही.

त्या गेटवरची नोटीस फक्त कन्नड आणि इंग्रजीत आहे. खानापूर, नंदगडहून येणारी निम्मी माणसं मराठी शाळेत शिकलेली. मराठीत लाव म्हटलं तर भाऊ म्हणतो, पाटीचं राजकारण नको. मग पाळी सुरू होताना मोठ्यानं वाचून दाखव. ऑफिसात गाडीतून येणाऱ्यांनाही त्याच यंत्रात फुंकायला लाव. आणि पहिल्यांदा सापडलेल्याचा पगार कापायच्या आधी त्याला धारवाडला जायला भरपगारी रजा मिळवून दे. एवढं मालकाकडून लिहून घेतलंस तर जर्मनीचं नाव खुशाल घे.