मुंबई ते न्यूयॉर्क: सोळा तास की तीस?

मागच्या हिवाळ्यात आईच्या हातात न्यूयॉर्कचे तिकीट ठेवले, तेव्हा चष्मा सावरून ते वाचत ती म्हणाली, "रात्री एकला निघून सकाळी साडेसहाला पोचायचं, म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाण्याइतकाच वेळ की!" तिची वजाबाकी बरोबर होती, तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते, एवढे मात्र आम्ही कोणी तिला सांगितले नव्हते.

या दोन शहरांमधले हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, पण ते पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचे अंतर आहे. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटते तसा हा दोरा अरबस्तान आणि आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेला जात नाही. तो मुंबईहून उत्तरेकडे झुकत निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि रशिया ओलांडत आइसलँडच्या अलीकडे जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांश गाठतो आणि तिथून खाली वळतो. (घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा लावून पाहा, मुलांनाही मौज वाटते.)

विमानाला मात्र या दोऱ्यावरून जाऊ देतीलच असे नाही. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी विमानांना आपले आकाश बंद केले आणि त्याच वर्षी मुंबई ते न्यूयॉर्कलगतचे नेवार्क ही एका अमेरिकी कंपनीची थेट सेवा थांबली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मज्जाव केला. त्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा वारा जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो, त्यामुळे जायला सोळाच्या आसपास तास लागतात आणि यायला साधारण चौदा. अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून दोन्ही बाजूंना एकच उत्तर देणाऱ्या संकेतस्थळांच्या हिशेबात हा वारा नसतो.

माझा आक्षेप मात्र संकेतस्थळांपेक्षा आपल्यावर, परदेशी राहणाऱ्या मुलांवर आहे. "आई, एकदा विमानात बसलीस की झालं" असे आपण सहज म्हणतो, पण त्या प्रवासात आई दुपारी अडीचला साताऱ्याचे घर सोडते, विमानतळावर तीन-चार तास काढते, सोळा तास एका खुर्चीत बसते, उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत उभी राहते, सामानाची वाट पाहते आणि न्यूयॉर्कजवळच्या एडिसन गावातल्या घरी पोचते तेव्हा तिथे सकाळचे दहा, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. हे तीस तास झाले, आणि सत्तरीतल्या माणसाला औषधांच्या वेळा ठरवायच्या असतात त्या या तीस तासांच्या.

या खेपेस मी तिकिटामागे सगळे तास ओळीने लिहून दिले. ते वाचून तिने विचारले, "मध्ये उठून चालायला जागा असते ना?"