आठाची पाऊणपट

मुंबईहून नऊ तास गाडी हाकून मी हेदवीला एक भेग बघायला गेलो. डोंगरावरचा दशभुज गणपती झाला, मग खाली समुद्राला टेकलेलं उमामहेश्वराचं देऊळ. त्याच्या मागे कातळात ती बामणघळ. भरतीचं पाणी या चिंचोळ्या घळीत घुसतं आणि फवाऱ्यासारखं उंच उडतं. फोटोत. भर दुपारी बाराला मी डोकावलो तर तळाशी एक खेकडा आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

देवळाच्या सावलीत एक आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना भलताच आनंद झाला असावा.

"मुंबैचे काय?"

"हो. पाणी कधी उडतं?"

"आज तिथी कोणती?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिने समुद्राकडे.

"अष्टमी," आजोबा म्हणाले. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट किती?"

मी खिशातून मोबाईल काढला.

"नोकरी कुठे?"

"बँकेत."

अडकित्ता थांबला. "बँकेत!" आजोबांनी हे देवळातल्या नंदीलाही ऐकू जाईल असं म्हटलं. "अहो, बोटं मोजा. वर देवाला दहा हात आहेत, तुम्हाला दहा बोटं तरी आहेत ना?"

"सहा," आमचा तिसरीतला चिरंजीव म्हणाला. त्याला सुपारीचं खांड मिळालं. मला नाही.

आता, मुक्कामाच्या घरमालकांना हे माहीत नसेल? सकाळी पोहे वाढताना त्यांनी वेळणेश्वर सांगितलं, सोलकढी सांगितली, परतताना आमसुलं कुणाकडून घ्यायची तेही सांगितलं. 'ओहोटी आहे, जाऊ नका' एवढंच तेवढं घशात अडकलं! आणि मोबाईलवर फोटो टाकणारे ते पाचशे जण? त्यांनाही वेळ टाकावीशी वाटली नाही. कंबर मात्र माझी गेली.

"मग सहाला येतो," मी घुश्शातच म्हणालो.

"या की. पण अष्टमीची भरती भांगाची. जोर नाही तिला. उधाण बघायचं तर पुनवेला या, अकरा-बाराला."

पौर्णिमा मंगळवारी. रजा शिल्लक दीड.

तरीही सहाला गेलो. घळीत गुळ्ळ असा आवाज झाला, कुणी चूळ भरावी तसा. चप्पल तेवढी जरा सरकली. आजोबा नव्हते, हे एक बरं.

घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. रोजची तिथी त्यात छापलेली असते. आम्ही त्यावर दुधाचे खाडे मांडतो.