घोड्याचा विसावा हिस्सा

पुण्याहून मामाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : "काय रे, तुझं शेपूट कसं आहे?" मेलबर्नला आम्ही वीस जणांनी मिळून एक घोडा घेतलाय. मालकांत एक प्लंबर, दोन निवृत्त नर्स आणि पाच टक्क्यांचा मी. ट्रेनरची फी दिवसाला शंभर डॉलरच्या पुढे, म्हणजे घोडा नुसता उभा राहून महिन्याला तीन हजार खातो. गेल्या बिलात नालांच्या खर्चाखाली 'पुढच्या डाव्या पायाचा एक्स-रे' अशी ओळ होती. त्या महिन्यात गडी पळालाच नाही.

तिकडे वाद जागेचा. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर पालिकेच्या उद्यानाला, 91 रेस भरवणाऱ्या क्लबकडे, असं 2024 मध्ये ठरलं. मामा म्हणतो, श्रीमंतांचे चोचले, सगळीच द्या. बाग मलाही हवी. मेलबर्नच्या ज्या कॉलफिल्ड रेसकोर्सवरून महालक्ष्मी बेतलं म्हणतात, ते माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. सरकारने ती जमीन रेस, खेळ आणि बाग अशा तिन्हींसाठी दिलेली. (लोकांना आत शिरायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, ते वेगळं.)

पण घोडं पेंड खातंय ते करात. भारतात 2017 पासून घोड्यांवरच्या पैजेवर 28 टक्के जीएसटी, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. तोही क्लबच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. मग माणूस टोटची, म्हणजे क्लबच्या अधिकृत पैजेची, खिडकी सोडून फोनवरच्या बुकीकडे जातो; तिथे ना कर, ना पावती. क्लबची उलाढाल आटली की बक्षिसं आटतात. दाणा-वैरण आणि मोतद्दाराचा पगार थोडाच थांबतो? आधी गळतो तो एका घोड्याचा मालक. उरतात ते, ज्यांना बिल वाचावं लागत नाही. श्रीमंतांचा खेळ म्हणून कर लावला, आणि आता तो खरोखरच त्यांचाच उरतोय.

इथेही सगळं गोड नाही. 2015 चा मेलबर्न कप प्रिन्स ऑफ पेन्झान्सने जिंकला. घोडा 50 हजार डॉलरचा, भाव शंभरास एक (एक लावला तर शंभर मिळणार), वर मिशेल पेन, कप जिंकणारी पहिली महिला जॉकी. ती रेस पाहूनच मी या फंदात पडलो. पण बक्षिसाचा पैसा पैज हरणाऱ्यांच्याच खिशातून येतो, आणि माणशी जुगारात घालवण्यात हा देश जगात पुढे.

मामाला महिन्याचा हिस्सा रुपयांत सांगितला. बराच वेळ आवाज नाही.

"एवढ्यात म्हैस पोसली जाते रे. वर दूध देते." मग हळूच : "शनिवारी पळतोय का?"